लुंबिनीच्या वेशीवर थांबलेले भन्तेजी

२०१८ सालच्या जानेवारीतली गोष्ट. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, सडक-अर्जुनी इकडची आम्ही ४४ माणसे यात्रा बस करून बौद्ध स्थळांच्या दर्शनाला निघालो होतो. सोबत आचारी, गॅसच्या शेगड्या, तांदळाची पोती असा सगळा संसार. सारनाथ झाले, बुद्धगया झाली, कुशीनगर झाले. राहिली होती लुंबिनी. गोरखपूरहून अंधारातच निघालो आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास सोनौलीला पोहोचलो. समोर कमान, कमानीपलीकडे नेपाळ. सायकलवाले, गॅस सिलिंडर घेतलेले, शाळेची पोरे, बाजाराला निघालेल्या बाया, सारे इकडून तिकडे न थांबता जात होते. आमच्या आयाबायांनी पांढरी पातळे नीट केली आणि चालायला सुरुवात केली.

आमच्यासोबत थायलंडचे एक भन्तेजी होते. आमच्याकडच्या एका विहाराच्या कार्यक्रमाला ते आले होते. बोलता बोलता म्हणाले की बाकी सारे पाहिले, लुंबिनी तेवढी राहिली. म्हणून आम्हीच आग्रहाने त्यांना बसमध्ये घेतले. आता परदेशी माणूस म्हणजे शिक्का लागणार, एवढे मला ठाऊक होते. मी त्यांना घेऊन भारतीय इमिग्रेशनच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी पासपोर्ट चाळला, एका पानावर बोट ठेवले आणि मला विचारले, "इन्हें वापस इंडिया आना है?"

मी म्हटले, "हो तर! उद्या संध्याकाळीच."

साहेब म्हणाले, "मग जाऊ नका. हा व्हिसा सिंगल एन्ट्रीचा आहे. इथे बाहेर पडल्याचा शिक्का मारला की व्हिसा संपला. उद्या मी यांना आत घेऊ शकणार नाही."

वाचक बंधू-भगिनींनो, मी पेशाने कारकून. बी. कॉम. होऊन नोकरीला लागलो तेव्हापासून दुसऱ्याच्या कागदातल्या चुका काढण्याचाच पगार घेतो. बिलावर एक सही कमी असली तर फाईल परत पाठवतो. आणि त्याच मी गोंदियाहून निघताना भन्तेजींच्या व्हिसावर ठळक छापलेला एक शब्द वाचला नव्हता. साहेबांचे काहीच चुकले नव्हते. उलट त्यांनी शिक्का मारण्याआधी विचारले, हे त्यांचे उपकारच. शिक्का मारून मोकळे झाले असते तर भन्तेजींना काठमांडूला जाऊन भारतीय दूतावासातून नवा व्हिसा काढावा लागला असता. त्याला किती दिवस लागतील याची हमी कोणी देत नाही, आणि त्यांचे परतीचे विमान आठ दिवसांवर आले होते.

भन्तेजी शांतपणे म्हणाले, "तुम्ही जा. मी इथे थांबतो." तोवर साडेदहा वाजले होते. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, म्हणून आचाऱ्याने तिथेच रस्त्याच्या कडेला शेगडी मांडली. बायांनी भन्तेजींना भोजनदान दिले. मग दोन तरुण पोरांना त्यांच्याजवळ ठेवून आम्ही कमान ओलांडली. गोरेगावकडच्या एक आजी, सत्तरीच्या पुढच्या, मागे वळून वळून पाहत होत्या. शेवटी मला म्हणाल्या, "भाऊ, आमच्याजवळ तं पासबुकबी नाही, न् त्याइच्याजवळ एवढं मोठं पुस्तक हाये. मंग त्याइलेच कायले अडवलं?"

आजींच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी धड देता आले नाही. पुढे वाचून, विचारून जे कळले ते इथे लिहितो. कारण आता आपल्याकडून दरवर्षी लुंबिनीला बसेस जातात, आणि त्यात कधी परदेशी भन्ते असतात, तर कधी परदेशात स्थायिक झालेली आपलीच लेकरे असतात.

भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमात एका देशाच्या नागरिकांना दुसऱ्या देशात राहणे, मालमत्ता, व्यापार आणि ये-जा यांबाबत सारख्या सवलती द्यायचे ठरले. सुमारे १,७५१ किलोमीटरची ही सीमा उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि सिक्कीम या पाच राज्यांना लागते आणि ती मोकळी आहे. २००१ पासून तिच्यावर सशस्त्र सीमा बलाचा पहारा आहे. पण मोकळी कोणासाठी? तर भारतीय आणि नेपाळी नागरिकांसाठी. तिसऱ्या देशाच्या माणसाला ही सीमा इतर कोणत्याही सीमेसारखीच आहे. आजी पासपोर्टशिवाय गेल्या त्या १९५० च्या करारामुळे. भन्तेजी त्या करारात बसत नव्हते.

"मोकळी" म्हणजे खिशात काही नसले तरी चालेल असेही कोणी समजू नये. जमिनीवरून नेपाळात जाताना भारतीयाला पासपोर्ट-व्हिसाची सक्ती नाही. मात्र ओळखीसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ असावे. आपल्याकडे सगळ्यांना वाटते की आधार कार्ड दाखवले की झाले. नियमाने तसे नाही. १५ वर्षांखालची मुले आणि ६५ वर्षांवरची माणसे यांना पासपोर्ट किंवा मतदार कार्डातून सूट आहे. त्यांनी वय आणि ओळख पटवणारा फोटोचा कागद ठेवायचा, उदाहरणार्थ पॅन कार्ड, गाडीचे लायसन किंवा रेशन कार्ड. याच दोन वयोगटांसाठी जानेवारी २०१९ मध्ये आधारही चालेल असे जाहीर झाले. १५ ते १८ वयाच्या मुलामुलींसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे ठराविक नमुन्यातले ओळखपत्र लागते. हा दाखला सुट्या लागण्याआधीच मागून ठेवावा, कारण एकदा शाळा बंद झाली की मुख्याध्यापक सापडत नाहीत.

आता परदेशी पाहुण्याकडे येऊ. त्याला एका वेशीवर दोन देशांच्या दोन कचेऱ्या पार कराव्या लागतात. आधी भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का. मग पायी पलीकडे बेलहियाला नेपाळच्या इमिग्रेशनमध्ये व्हिसा आणि आत आल्याचा शिक्का. परत येताना हेच उलट: आधी बेलहियाला नेपाळ सोडल्याचा शिक्का आणि मग सोनौलीला भारतात आल्याचा. यात पहिलीच पायरी चुकण्याचा धोका मोठा असतो. कारण सोनौलीचा रस्ता म्हणजे भरगच्च बाजार. चारी बाजूंनी माणसे न थांबता चाललेली, आपणही बोलत बोलत चालू लागतो, आणि भारताची कचेरी मागे राहून जाते. नेपाळचा साहेब मग भारताचा शिक्का मागतो आणि पाहुण्याला उन्हातान्हात परत पाठवतो. म्हणून परदेशी माणूस सोबत असेल तर एका जाणत्या कार्यकर्त्याने फक्त त्याच्यासोबत राहावे, बाकीच्यांचे बघू नये.

नेपाळचा व्हिसा मिळणे तसे अवघड नाही. बहुतेक देशांच्या नागरिकांना तो बेलहियालाच मिळतो. जुलै २०१९ पासून १५ दिवसांना ३० डॉलर, ३० दिवसांना ५० डॉलर आणि ९० दिवसांना १२५ डॉलर असे दर आहेत. श्रीलंका, बांगलादेश, भूतान या सार्क देशांतल्या पाहुण्यांना वर्षातून एकदा ३० दिवसांपर्यंत फी लागत नाही. अफगाणिस्तान आणि आफ्रिकेतल्या काही देशांच्या नागरिकांना मात्र वेशीवर व्हिसा मिळत नाही, तो आधीच काढून आणावा लागतो. फॉर्म इंटरनेटवर आधी भरता येतो, पण त्याची पावती १५ दिवसच चालते. डॉलर रोख ठेवावेत, फोटो ठेवावेत आणि रात्री उशिरा पोहोचू नये.

खरी अडचण जाण्यात नाही, येण्यात आहे. बुद्धांच्या जीवनातली चार प्रमुख स्थळे धरा: जन्म, बोधी, पहिले प्रवचन, महापरिनिर्वाण. त्यांपैकी तीन भारतात आणि जन्मस्थान तेवढे नेपाळात. आठ महास्थानांची यादी केली तरी तेच. एकटी लुंबिनी पलीकडे. शिवाय ती यात्रेच्या शेवटी येत नाही, मधे येते. कुशीनगरनंतर लुंबिनी, लुंबिनीनंतर श्रावस्ती. म्हणजे परदेशी यात्रेकरूला भारतात दोनदा यावे लागते: एकदा आपल्या देशातून आणि एकदा लुंबिनीहून. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेतला तर त्याची यात्रा वेशीवरच तुटते. आमच्या भन्तेजींचे तेच झाले.

मधली काही वर्षे तर दोनदा प्रवेशाचा व्हिसा असूनही अडचण होती. मुंबईवर २००८ साली हल्ला झाला. त्याआधी डेव्हिड हेडली नावाचा माणूस अनेकदा भारतात येऊन पाहणी करून गेल्याचे पुढे उघडकीला आले. तेव्हा २००९ च्या अखेरीस सरकारने नियम काढला की टुरिस्ट व्हिसावर आलेला माणूस एकदा बाहेर गेला की दोन महिने परत येऊ शकणार नाही. शेजारच्या देशात जाऊन येणाऱ्यांना प्रवासाचा आराखडा दाखवून सूट मागता येत असे. पण म्हाताऱ्या थाई किंवा जपानी यात्रेकरूला आराखडा कुठे सादर करायचा हे कोण सांगणार? २०१२ च्या अखेरीस हा नियम बहुतेक देशांसाठी मागे घेण्यात आला.

आता बहुतेक पाहुणे ई-व्हिसावर येतात. त्यात ३० दिवसांचा टुरिस्ट व्हिसा दोन प्रवेशांचा असतो, एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा अनेक प्रवेशांचा. हे ऐकून मन मोकळे होते, पण इथेही एक खाच आहे. ई-व्हिसावाल्याला भारतातून बाहेर पडायला कोणतेही अधिकृत इमिग्रेशन नाके चालते. आत यायला मात्र सरकारच्या यादीत असलेलेच नाके लागते. ही यादी मुख्यतः विमानतळांची आणि बंदरांची आहे, आणि ती वाढत गेली आहे. तेव्हा पाहुण्याने निघण्यापूर्वी ताजी यादी बघावी. आपण परत ज्या नाक्यावरून येणार ते त्यात नसेल तर साधा, दूतावासातून मिळणारा अनेक प्रवेशांचा व्हिसा काढावा, हाच सरळ रस्ता. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसंबंधीचे जुने कायदे जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू झाला आहे. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी कोणी गेला होता त्याच्या अनुभवावर विसंबू नये.

आणखी एक मोह सांगतो. पिप्रहवा पाहिल्यावर ड्रायव्हर म्हणतात, "साहब, ककरहवा से चलो, लुंबिनी एकदम पास है." खरे आहे, तो रस्ता जवळचा आहे. पण नेपाळ परदेशी माणसाला जिथे व्हिसा देतो त्या नाक्यांत ककरहवा नाही. परदेशी माणूस सोबत असेल तर फेरा पडला तरी सोनौलीलाच जावे.

परदेशी म्हणजे केवळ चीवरातले भन्ते असेही नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतच परदेशी तयार झाले आहेत. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात आजी गोंदियाच्या, मुलगा इंग्लंडात नोकरीला पण पासपोर्ट अजून भारतीय, आणि आठ वर्षांचा नातू तिथेच जन्मलेला, ब्रिटिश पासपोर्टचा. आजींची इच्छा की नातवाला घेऊन लुंबिनीला जावे. एकाच घरातली तीन माणसे, एकच वेस, आणि आजी-मुलाला एक नियम तर नातवाला दुसरा. आजी मतदार कार्डावर, मुलगा भारतीय पासपोर्टवर, दोघेही विनाशिक्का. नातवाला मात्र ओसीआय कार्ड असले तरी तो परदेशीच. ओसीआयमुळे त्याला भारतात कितीही वेळा परत येता येते, ही मोठी सोय. पण नेपाळ ओसीआय बघत नाही, पासपोर्ट बघतो. तेव्हा भारताचा शिक्का, नेपाळचा व्हिसा आणि पुन्हा भारताचा शिक्का हे सारे त्या पोराला लागणारच. दहा वर्षांखालच्या मुलांना नेपाळच्या व्हिसाची फी नाही (अमेरिकन मुलांना ही सवलत नाही). फी नसली तरी व्हिसा घ्यावाच लागतो. आईवडील "लहान लेकरू आहे, कोण विचारते" म्हणून कडेवर घेऊन पलीकडे जातात आणि परतताना, किंवा पुढे विमानतळावर, अडकतात.

दुसरे शेजारी आपल्या जिल्ह्यातलेच आहेत. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगडकडे नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्यांच्या दोन पिढ्या इथेच जन्मल्या, आपल्यासारखीच मराठी बोलतात, स्वेटरच्या दुकानांवर आपली त्यांची ओळख. त्यांना बसमध्ये घ्यावे असे सहज वाटते. पण ज्यांच्याजवळ नोंदणी प्रमाणपत्र आहे आणि भारतीय नागरिकत्व नाही, ते सोनौलीच्या वेशीवर भारतीय धरले जात नाहीत. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्यांना नागरिकत्व कायद्याने जन्मानेच नागरिकत्व आहे. तिबेटींच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली तसा निकाल दिला आणि २०१७ मध्ये पासपोर्ट कचेऱ्यांना तशा सूचना गेल्या. त्यानंतर जन्मलेल्यांचे काय, ते प्रत्येकाच्या कागदावर अवलंबून. त्यांना "चला हो, काही होत नाही" असे म्हणून नेणे म्हणजे त्यांना संकटात घालणे. आधी लेखी विचारावे.

कागद माणसाला कसा अडवतो आणि कसा मोकळा करतो, हे नागपूरने फार वर्षांपूर्वी पाहिले आहे. भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई हे जपानचे. १९६० च्या दशकात भारतात आले आणि नागपूरचे झाले. १९८७ च्या सुमारास त्यांच्या कागदपत्रांची मुदत संपली म्हणून देश सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली. लोकांनी गावोगाव सह्या गोळा केल्या, लाखोंनी. शेवटी त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले. आमच्या मोहल्ल्यातली जुनी माणसे त्या सह्यांच्या कागदांची आठवण अजून सांगतात.

असो. प्रवासाच्या आणखी चार गोष्टी. स्वतःची बस नेपाळात न्यायची तर "भन्सार", म्हणजे जकातीचा कागद, करावा लागतो. त्यात वेळ जातो आणि गाडीचे सगळे मूळ कागद लागतात. ४०-५० माणसांची बस असेल तर आमचा अनुभव असा की बस सोनौलीलाच ठेवावी आणि पलीकडून गाड्या कराव्यात. भैरहवा चार-पाच किलोमीटरवर, तिथून लुंबिनी साधारण २२. रेल्वेने जाणाऱ्यांना दुर्गहून नौतनवापर्यंत गाडी आहे. नौतनवाहून सोनौली अगदी जवळ. पैशाचे म्हणाल तर १९९३ पासून आपल्या १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात. मात्र मोठ्या नोटांचे नियम २०१६ पासून अनेकदा बदलले. निघण्याआधी बँकेत विचारावे आणि शंभराच्या नोटा जास्त ठेवाव्यात. निवडणुकीच्या आधी दोन-तीन दिवस वेस बंद करतात, हेही तारखा ठरवताना पाहावे. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनात तर ती आपल्यालाही बंद झाली होती.

त्या जानेवारीत आम्ही लुंबिनीला अशोकस्तंभापुढे उभे राहिलो. तो लेख १८९६ साली उजेडात आला. बुद्धांचा जन्म इथे झाला म्हणून राजाने या गावाचा सारा कमी करून आठव्या हिश्श्यावर आणला, असे त्यात कोरले आहे. मी कारकून, मला त्यातले हेच वाक्य पहिल्यांदा आवडले. आजींचे लक्ष मात्र स्तंभाकडे नव्हते. त्या विचारत होत्या, भन्तेजींनी सकाळी काही घेतले असेल काय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो तर भन्तेजी लॉजच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी कोणालाही दोष दिला नाही. आयाबायांना त्यांनी एकेक करून विचारले, काय पाहिले ते सांगा. दुभाषा मी. कोणी पुष्करिणीचे पाणी सांगितले, कोणी पिंपळाखालच्या पताका. मला बोलताना जड जात होते.

२०१९ च्या डिसेंबरात ते पुन्हा आले. यावेळी मी दोन महिने आधीच पत्र पाठवून अनेक प्रवेशांचा व्हिसा काढायला सांगितला होता. सोनौलीला मी विचारण्याआधीच त्यांनी पासपोर्टचे ते पान उघडून माझ्यापुढे धरले आणि हसले. भारताचा शिक्का, बेलहियाचा व्हिसा, सारे मिळून तासाभरात झाले. परतताना श्रावस्ती करून ते आमच्याच बसने गोंदियाला आले. गोरेगावच्या आजी त्या वर्षी गुडघ्यांमुळे येऊ शकल्या नव्हत्या. भन्तेजींनी त्यांच्या घरी जाऊन पासपोर्टमध्ये जपून ठेवलेले लुंबिनीचे पिंपळपान त्यांच्या हातात दिले. आजींनी पान कपाळाला लावले आणि मला म्हणाल्या, "अन् शिक्का? शिक्का बराबर भेटला काजी, या टायमाले?"